कंपनीचा प्रशासक मागच्या तारखेपासून नेमायचा कोर्टाचा अधिकार : इंग्लंडमधला वाद

लीड्सकर

मंडळी, नमस्कार. दिवाळखोरीवर इथे बरेच धागे निघतात, पण ते बहुतेक बुडीत कर्जं आणि परदेशी पळालेले उद्योगपती यांच्याभोवती फिरतात. मला जरा आतल्या प्रश्नावर लिहायचं आहे. मी यॉर्कशरमध्ये अडचणीत आलेल्या कंपन्यांची कागदपत्रं तपासायचं काम करतो आणि हा प्रश्न सतत समोर येतो. अशा कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्या प्रशासकाची नेमणूक पहिल्या दिवशीच चुकली होती हे आठ-दहा महिन्यांनी उघड झालं, तर कोर्ट त्याला मागच्या तारखेपासून नेमू शकतं का? आणि नेमावं का?

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडचा मूळ कायदा म्हणजे इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट १९८६. एंटरप्राइझ ॲक्ट २००२ ने त्यात 'शेड्यूल बी १' घातलं आणि ते १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झालं. तेव्हापासून प्रशासक नेमायला दर वेळी जजसमोर उभं राहावं लागत नाही. फ्लोटिंग चार्ज (कंपनीच्या बदलत्या मालमत्तेवरचं तारण) असलेली बँक, कंपनी किंवा तिचे संचालक ठरावीक नोटिसा देऊन कोर्टात कागद दाखल करतात आणि त्या क्षणापासून प्रशासक रुजू होतो. सुनावणी नाही, युक्तिवाद नाही. कंपनी रोज पैसे गमावत असताना हा वेग फार मोलाचा असतो.

पण कागद जजने पाहिलेले नसल्यामुळे चूक पकडायलाही कोणी नसतं. एखादी नोटीस राहिली, चुकीचा फॉर्म वापरला गेला, बोर्डाच्या मीटिंगला कोरम नव्हता. प्रशासक बिचारा कामाला लागतो. माल विकतो, पगार देतो, धंदा दुसऱ्या कंपनीच्या हवाली करतो. मग कोणीतरी वकील फाइल उघडतो आणि म्हणतो, हा माणूस कधी प्रशासक झालाच नव्हता.

यावर इंग्लंडच्या जजांनी उपाय काढला तो शेड्यूल बी १ च्या परिच्छेद १३(२) मधून. तिथे एवढंच म्हटलं आहे की कोर्टाने केलेली नेमणूक ऑर्डरमध्ये ठरवून दिलेल्या वेळेपासून लागू होते, आणि वेळ दिली नसेल तर ऑर्डर होते तेव्हापासून. जी-टेक कन्स्ट्रक्शन या कंपनीच्या प्रकरणात संचालकांनी चुकीचा फॉर्म भरला होता. जस्टिस हार्ट यांनी 'ठरवून दिलेली वेळ' मागचीही असू शकते असा अर्थ लावला आणि पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लागू होणारी, ऑर्डर दिली. पुढचे बहुतेक निकाल याच एका खुंटीला टांगलेले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रामाणिकपणे काम केलेल्यांना वाचवायला असा अधिकार हवा. पण तो इतक्या मोघम शब्दांतून काढलेला नसावा, संसदेने तो मर्यादांसकट लिहून द्यावा. तारीख मागे नेली की मधल्या काळात ज्यांनी काही केलं त्यांचे हक्क सरकतात, आणि ती माणसं बहुधा कोर्टात हजरही नसतात.

मुक्ता_

छान विषय. एक प्राथमिक प्रश्न. हा प्रशासक म्हणजे आपल्याकडे एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) नेमतं तो रिझोल्यूशन प्रोफेशनलच ना?

लीड्सकर

बराचसा तसाच. दोघेही संचालकांच्या हातून कारभार घेतात आणि दोघांच्याही मागे मोरेटोरियम, म्हणजे वसुली आणि दाव्यांवरची तात्पुरती बंदी, उभा असतो. फरक असा की तुमच्याकडे धनकोंच्या समितीचं वजन फार असतं. इथे प्रशासक स्वतः बरेच निर्णय घेतो, पुष्कळदा पहिल्याच दिवशी धंदा विकूनही टाकतो. म्हणूनच त्याची नेमणूक वैध होती की नाही याला इतकं महत्त्व आहे. पहिल्या दिवशीची विक्री जर अनधिकृत माणसाने केली असेल, तर तो धंदा घेणाऱ्याच्या मालकीवरही प्रश्न उभा राहतो.

निवृत्त बँकर

लीड्सकर, मुद्दा समजला, पण हे जरा वाढवून सांगितल्यासारखं वाटतं. पदावर बसलेल्याच्या नेमणुकीत दोष निघाला तरी त्याची कृत्यं वैध धरायची, हे तत्त्व जुनं आहे. आपल्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७६ मध्ये संचालकांसाठी तेच आहे. सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये गोकराजू रंगराजू प्रकरणात न्यायाधीशांच्या बाबतीतही ते मान्य केलं. शेड्यूल बी १ मध्ये असं काही नाही का?

लीड्सकर

आहे, परिच्छेद १०४. प्रशासकाच्या नेमणुकीत किंवा पात्रतेत दोष असला तरी त्याची कृती वैध, असं तो सांगतो. पण अडचण हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट) १९४६ च्या मॉरिस विरुद्ध कॅन्सन या निकालात आहे. नेमणुकीतला दोष वेगळा आणि नेमणूकच न होणं वेगळं, असं तिथे स्पष्ट केलं. असं कलम दोष झाकतं. जे अस्तित्वातच नव्हतं ते निर्माण करत नाही.

दुसरी ढाल म्हणजे २०१६ च्या इन्सॉल्व्हन्सी रूल्समधला नियम १२.६४. औपचारिक त्रुटीमुळे कार्यवाही रद्द होत नाही, मात्र त्या त्रुटीने मोठा अन्याय झाला असेल आणि तो कोर्टाला दुरुस्त करता येत नसेल तर गोष्ट वेगळी. इथेही आधी काहीतरी 'कार्यवाही' असावी लागते. मुळात नेमणूकच शून्य असेल तर नियम कशाला चिकटणार?

म्हणजे सगळा खेळ चुकांच्या वर्गवारीचा आहे. किरकोळ चूक असेल तर नियम १२.६४ पुरतो. मुळावर घाव घालणारी चूक असेल तर नेमणूक शून्य, आणि मग १३(२) खाली नवी, मागच्या तारखेची ऑर्डर मागायची. कुठली चूक कुठल्या वर्गात जाते यावर जज एकमेकांशी असहमत झाले, आणि ते २०११ मध्ये अगदी उघडपणे दिसलं. त्या वर्षाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याशिवाय हा विषय का तापला ते कळणार नाही.

एप्रिल २०११ मध्ये चॅन्सलर (हाय कोर्टाच्या चॅन्सरी विभागाचे प्रमुख) सर अँड्र्यू मॉरिट यांनी मिनमार (९२९) या कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला. संचालक प्रशासक नेमणार असतील तर परिच्छेद २६(२) प्रमाणे खुद्द कंपनीलाही नोटीस द्यायला हवी, फ्लोटिंग चार्जधारक कोणी नसला तरीसुद्धा. ती दिली नसेल तर नेमणूक अवैध. आता विचार करा, संचालकांनीच ठराव करून नेमलं आणि त्याच कंपनीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं नाही म्हणून सगळं कोसळलं. वर्षानुवर्षं ही नोटीस न देता नेमणुका झाल्या होत्या. एका निकालाने त्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन हलली.

मग कोर्टांकडे धावाधाव सुरू झाली. जून २०११ मध्ये डर्फशॉ प्रकरणात जस्टिस मॉर्गन यांनी पूर्वलक्षी ऑर्डर देऊन प्रशासकांना वाचवलं. डिसेंबरमध्ये मसादा ग्रुपच्या प्रकरणात जस्टिस वॉरन यांच्यापुढे फ्लोटिंग चार्ज असलेल्या बँकेलाच नोटीस न दिल्याचा मुद्दा आला आणि ती नेमणूक त्यांनी अवैध ठरवली. पण व्हर्च्युअलपर्पल प्रकरणात जस्टिस नॉरिस यांनी मिनमारची वाट नाकारली. चार्जधारक कोणीच नसेल तर कंपनीला नोटीस न दिल्याने नेमणूक शून्य होत नाही, असं त्यांनी ठरवलं. सगळे हाय कोर्टाचेच जज, पण आजची सुनावणी कोणासमोर आहे यावर प्रशासक प्रशासक आहे की परका माणूस हे ठरायचं. माझ्या मते ही कुठल्याही कायद्याला न शोभणारी स्थिती होती.

सनदधारी

मी मुंबईत या क्षेत्रात वकिली करते, इंग्रजी निकाल आम्ही नेहमी वाचतो. लीड्सकर, तुमच्या मुख्य मताला माझा पाठिंबा आहे आणि त्याला दोन दाखले जोडते.

पहिला, इंग्लंडच्याच इन्सॉल्व्हन्सी ॲक्टचं कलम १२९. कोर्टाने कंपनी गुंडाळायची ऑर्डर दिली की सर्वसाधारणपणे गुंडाळणं अर्ज दाखल झाल्या तारखेपासून सुरू झालं असं कायदा स्वतः म्हणतो. आणि कलम १२७ लगेच सांगतं की मधल्या काळात मालमत्तेची देवघेव कोर्टाच्या परवानगीशिवाय शून्य. म्हणजे संसदेला जेव्हा तारीख मागे न्यायची होती तेव्हा तिने ती उघडपणे नेली, किती मागे तेही सांगितलं आणि मधल्या व्यवहारांचं काय करायचं तेही सांगितलं. १३(२) मध्ये यातलं काहीच नाही. मग तिथे 'वेळ' या साध्या शब्दातून इतका मोठा अधिकार कसा काढायचा?

दुसरा दाखला मला अधिक बोलका वाटतो. त्याच कायद्याचं कलम २४० 'नादारीची सुरुवात' कधी ते ठरवतं. त्या तारखेपासून मागे मोजून एखाद्या धनकोला झुकतं माप दिलं होतं का ते पाहतात. सामान्य धनकोसाठी ६ महिने, कंपनीशी संबंधित व्यक्तींसाठी २ वर्षं. प्रशासक कोर्टाच्या ऑर्डरने नेमला असेल तर ही सुरुवात म्हणजे अर्ज केल्याची तारीख. आता पूर्वलक्षी ऑर्डरमध्ये काय होतं? नेमणूक लागू होते, समजा, मार्चपासून, आणि 'नादारीची सुरुवात' मात्र नोव्हेंबरमध्ये, अर्ज केला तेव्हा. प्रशासक आधी आणि नादारी नंतर! मसुदा करणाऱ्यांच्या मनात पूर्वलक्षी नेमणूक असती तर त्यांनी हे असं राहू दिलं नसतं.

निवृत्त बँकर

सनदधारी, हा दुसरा मुद्दा जोरदार आहे. पण विरुद्ध बाजूने बघा. १३(२) मध्ये दोन पर्याय आहेत, ऑर्डरमध्ये दिलेली वेळ किंवा ऑर्डर होण्याची वेळ. पहिल्या पर्यायात फक्त पुढचीच वेळ चालेल असं कुठे लिहिलंय? कायदा गप्प आहे. व्यापारात गोष्टी चालू राहाव्यात यासाठी कोर्टाने त्या गप्प बसण्याचा उपयोग केला तर मला त्यात गैर वाटत नाही.

सनदधारी

गप्प आहे हे मान्य. पण धनकोंचे हक्क हिरावणारा अधिकार कायद्याच्या गप्प बसण्यातून काढू नये, हे माझं म्हणणं आहे.

शिरोलीकर

मी वकील नाही, कोल्हापूरजवळ फाउंड्री चालवतो. इंग्लंडला कास्टिंग पाठवतो म्हणून धागा वाचला. मला सरळ उत्तर हवंय. समजा माझा तिकडचा गिऱ्हाईक अडचणीत आला, प्रशासक बसला, त्याने फोन करून सांगितलं की माल पाठवत राहा, पैसे आम्ही आधी देऊ. मी पाठवला. नंतर कळलं की त्याची नेमणूकच खोटी. माझ्या पैशाचं काय?

लीड्सकर

शिरोलीकर, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून नीट उत्तर देतो.

प्रशासकाने पदावर असताना केलेल्या करारातलं देणं परिच्छेद ९९ खाली येतं. ते कंपनीच्या मालमत्तेतून प्रशासकाच्या स्वतःच्या फीच्याही आधी द्यायचं असतं. म्हणून 'पैसे आधी देऊ' हे आश्वासन खरंच वजनदार आहे. पण तो प्रशासकच नव्हता असं ठरलं तर तुमचा अग्रहक्क गेला. मग कंपनीवरचा तुमचा दावा टिकला तरी साध्या विनातारण धनकोचा. किंवा ज्याने अधिकार नसताना अधिकार असल्याचं सांगितलं त्याच्यावर व्यक्तिशः दावा. तुमच्यासारख्याला पूर्वलक्षी ऑर्डर म्हणजे वरदान आहे, तुमचा करार पुन्हा वैध प्रशासकाशी झालेला ठरतो.

आता तुमच्या शेजारच्या कारखानदाराचं बघा. त्याचे पैसे प्रशासन सुरू व्हायच्या आधीपासून थकले होते. त्याने इंग्लंडच्या कोर्टात निकाल मिळवला आणि मधल्या काळात बेलिफ पाठवून मालावर जप्ती आणली. वैध प्रशासक असता तर परिच्छेद ४३ मुळे त्याला प्रशासकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय हे करता आलं नसतं. पण त्या वेळी कायद्याने प्रशासक नव्हता. त्याने केलं ते त्या क्षणी पूर्ण कायदेशीर. तारीख मागे नेली की त्याच जप्तीवर मोरेटोरियमचं सावट येतं. एकच ऑर्डर तुम्हाला वाचवते आणि त्याला बुडवते. म्हणून मी म्हणतो की जजने ऑर्डर देताना या दोघांचा वेगवेगळा विचार करायलाच हवा.

मुक्ता_

आणि कामगार?

लीड्सकर

त्यांच्या बाबतीत तर १४ दिवसांचा नियमच आहे. प्रशासकाने नेमणुकीनंतरच्या पहिल्या १४ दिवसांत काहीही केलं तरी त्याने नोकरीचे करार 'स्वीकारले' असं धरत नाहीत. त्यानंतर कामावर ठेवलं तर पुढचा पगार त्याच परिच्छेद ९९ खाली अग्रक्रमाने द्यावा लागतो. करार 'स्वीकारणं' म्हणजे काय, यावर पॅरामाउंट एअरवेजच्या कामगारांची मोठी लढाई झाली. त्यावर हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल १९९५ चा आहे. नेमणूक शून्य ठरली तर प्रशासकाने करार स्वीकारण्याचा प्रश्नच उरत नाही आणि पगाराचा अग्रक्रमही जातो. म्हणजे कामगारांनाही मागची तारीख बहुधा फायद्याची ठरते. पूर्वलक्षी ऑर्डरला सरसकट विरोध करणाऱ्यांनी हे विसरू नये.

खटपट्या

चूक सापडल्यावर नेमणुकीची मुदत वाढवून घेतली तर? इतका खटाटोप कशाला?

सनदधारी

मुदत वाढवायला आधी मुदत चालू असावी लागते. प्रशासकाचा कार्यकाळ परिच्छेद ७६ प्रमाणे १ वर्षाने आपोआप संपतो. वाढवायचा तर कोर्टाकडून किंवा धनकोंच्या संमतीने, पण मुदत संपायच्या आत. संपल्यावर कोर्टालाही वाढवता येत नाही, परिच्छेद ७७ तसं स्पष्टच म्हणतो. फ्रंटसाउथ (विटम) या २०११ च्या प्रकरणात जस्टिस हेंडरसन यांच्यापुढे नेमका मुदतवाढीचाच घोळ होता.

आणि तुमच्या प्रश्नातून तारखेचं गणित निघतं. नेमणूक १ वर्षापेक्षा जास्त मागे नेली, तर ऑर्डर हातात पडायच्या आधीच कार्यकाळ संपलेला असेल. त्यामुळे मागे जायचं तर ३६४ दिवसांच्या आत. त्याआधीचा काळ उघडाच राहतो. माझ्या दृष्टीने ही मर्यादाही कोणी विचार करून घातलेली नाही, दुसऱ्याच एका नियमाची ती सावली आहे. दोन वर्षांपूर्वी झालेल्या चुकीला म्हणून अर्धंच छप्पर मिळतं.

नागपूरची संत्री

मी इथल्या संहितेवर अभ्यास करतोय. भारतात हा प्रश्न वेगळ्या दाराने येतो. आपल्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत कलम ५(१२) प्रमाणे प्रक्रिया सुरू होते ती अर्ज दाखल करून घेतल्याच्या, म्हणजे ॲडमिशनच्या तारखेपासून. पूर्वी त्याला एक परंतुक होतं. ॲडमिशनच्या ऑर्डरमध्ये अंतरिम प्रोफेशनलचं नाव नसेल तर सुरुवात त्याच्या नेमणुकीपासून धरायची. म्हणजे मोरेटोरियम एका तारखेचा आणि सुरुवात दुसऱ्या तारखेची, असा गोंधळ व्हायचा. ते परंतुक २८ डिसेंबर २०१९ पासून काढून टाकलं. इथे संसदेने स्वतः दुरुस्ती केली, न्यायाधिकरणावर सोडलं नाही.

सनदधारी

उत्तम उदाहरण. याला गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीचं प्रकरण जोडा. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१९ ला संचालक मंडळ बाजूला केलं आणि प्रशासक नेमला. २९ नोव्हेंबरला मुंबईच्या एनसीएलटीत अर्ज गेला, ३ डिसेंबरला तो दाखल करून घेतला गेला. या मधल्या दिवसांत धनकोंनी वसुली सुरू करू नये म्हणून वित्तीय कंपन्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांतच लिहिलं आहे की अंतरिम मोरेटोरियम अर्ज दाखल झाल्यापासून लागू. वैयक्तिक हमीदारांसाठी संहितेच्या कलम ९६ मध्येही तीच रचना आहे आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलीप जिवराजका प्रकरणात ती टिकवली. तारीख आधीची आहे, पण ती प्रत्येकाला आधीपासून माहीत आहे. कोर्टाने नंतर मागे नेलेली नाही. मला हा फरक निर्णायक वाटतो.

निवृत्त बँकर

हे पटलं. धनकोला आधी माहीत असलेली मागची तारीख आणि नंतर ठरवलेली मागची तारीख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी लीड्सकरांना विचारतो, आता सगळं ऑनलाइन झाल्यावर इंग्लंडमध्ये अशा चुका कमी झाल्या असतील ना?

लीड्सकर

काका, चुकांचा प्रकार बदलला. ई-फायलिंग २४ तास चालतं, पण कायद्याने कोर्टाच्या कामाच्या वेळेबाहेर कागद दाखल करून नेमायचा हक्क फक्त फ्लोटिंग चार्जधारकाला आहे, संचालकांना नाही. संगणक रात्रीही कागद स्वीकारतो आणि पावती देतो. मग ती नेमणूक त्या रात्रीची, दुसऱ्या सकाळची, की कधीचीच नाही? एचएमव्ही या संगीताच्या दुकानांच्या साखळीच्या प्रकरणात हेच झालं. २८ डिसेंबर २०१८ ला कागद दाखल झाले, पण कचेरी बंद झाल्यानंतर. जस्टिस बार्लिंग यांनी तो दुरुस्त होण्याजोगा दोष मानला आणि नेमणूक टिकवली. मग अशाच वेळेच्या प्रश्नावर पुढे अनेक निकाल आले आणि त्यांतही एकवाक्यता नव्हती.

शिरोलीकर

बरं, पण अशी ऑर्डर मागितली जाते तेव्हा माझ्यासारख्याला किंवा त्या शेजाऱ्याला कोणी विचारतं का?

लीड्सकर

विचारलं पाहिजे, पण आपोआप विचारलं जाईलच असं नाही. ऑर्डर मागतं कोण ते बघा. परिच्छेद १२ प्रमाणे प्रशासनाचा अर्ज प्रामुख्याने कंपनी, संचालक किंवा धनको करू शकतात. जो प्रशासक शून्य ठरला तो प्रशासक म्हणून अर्ज करूच शकत नाही, कारण तो कोणीच नाही. म्हणून तो संचालकांना पुढे करतो किंवा एखाद्या धनकोला. पण ज्याची फी आणि ज्याची वैयक्तिक जबाबदारी पणाला लागलेली आहे, असा खरा इच्छुक तोच असतो. समोर विरोध करायला कोणी नसतं. अशा एकतर्फी सुनावणीत अर्जदाराने सगळ्या गोष्टी, स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्यासुद्धा, कोर्टाला उघड करून सांगायच्या असतात. हे बंधन आहे आणि त्यावर जजांनी सक्त राहावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. परिच्छेद ११ ची अट पूर्वलक्षी ऑर्डरलाही लागते. कंपनी देणी फेडू शकत नाही किंवा फेडू शकणार नाही, आणि ऑर्डरमुळे प्रशासनाचा हेतू साध्य होण्याची वाजवी शक्यता आहे, हे आज दाखवावं लागतं. सगळा माल विकून पैसे वाटून झाले असतील तर आज कुठला हेतू साध्य व्हायचा उरला? या प्रश्नावर अर्ज अडखळू शकतो.

शिरोलीकर, व्यवहारातलं सांगतो. इंग्लंडच्या कंपनीचा प्रशासक माल मागतो तेव्हा त्याच्याकडून नेमणुकीच्या नोटिशीची कोर्टाचा शिक्का आणि वेळ असलेली प्रत मागा. कंपनीचं चार्ज रजिस्टर कंपनीज हाउसच्या (तिथली कंपनी नोंदणी कचेरी) साइटवर फुकट बघता येतं. त्यात एखाद्या बँकेचा फ्लोटिंग चार्ज दिसला तर त्या बँकेला नोटीस गेली होती का ते लेखी विचारा. तुमच्या शेजाऱ्याच्या जागी असाल आणि पूर्वलक्षी अर्जाची कुणकुण लागली, तर तिकडच्या वकिलामार्फत लगेच कोर्टाला कळवा की तुमची जप्ती झालेली आहे आणि तुम्हाला ऐकून घ्यावं. ऑर्डर झाल्यावर ती बदलायला लावणं फार महाग पडतं. आधी हजर राहिलात तर जजला ऑर्डरमध्ये एक वाक्य घालायला सांगता येतं, की मधल्या काळात सद्भावनेने झालेल्या अमुक कारवाईला या ऑर्डरची बाधा येणार नाही.

सनदधारी

ते वाक्य दर वेळी मागून घ्यावं लागू नये, ते परिच्छेद १३ मध्येच असावं. तुमच्या मूळ मागणीत मी एवढीच भर घालेन.

शिरोलीकर

शिक्क्याची प्रत मागायची, हे लिहून घेतलं. आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर टाकतो.